बुटातली डायरी

नवरा मनातलं बोलत नसला की बायकोनं काय करावं, हा प्रश्न सोफिया टॉलस्टॉयला 48 वर्षं पुरला. 1862 साली लग्नाआधी लिओसाहेबांनी आपल्या जुन्या डायऱ्याच तिच्या हाती दिल्या. वर 34 वर्षांचा, वधू 18 ची! लफड्यांचा तो हिशेब वाचून पोरगी रडली, आणि बोहल्यावर चढली.

पुढे 13 बाळंतपणं झाली. 'वॉर अँड पीस'च्या गिचमिड अक्षराच्या नकला तिनंच काढल्या. तक्रारी मात्र डायरीत. याची ती वाचणार, तिची हा वाचणार. आमच्या बँकेत शेजारच्या टेबलावर कागद जायचा तर आवक-जावकमधून फिरून जातो, तसलाच प्रकार. आमच्याकडे निदान शिक्का तरी बसतो.

1910 च्या जुलैत म्हातारबुवांनी कमाल केली. रानात जाऊन मृत्युपत्रावर गुपचूप सही ठोकली. पुस्तकांचे हक्क बायकोला नाहीत! शिवाय फक्त स्वतःसाठी वेगळी डायरी धरली आणि ती बुटात लपवली. बाईंनी अर्थात शोधली. लोक तिला कजाग म्हणतात. मला नाही बुवा पटत. घर चालवणाऱ्या माणसाला खातं कुणाच्या नावावर आहे ते कळायला नको?

ऑक्टोबरात एका रात्री ती त्याचे कागद चाळत असल्याची चाहूल लागली, आणि 82 वर्षांचा नवरा चिठ्ठी ठेवून घरातून निघून गेला. वाटेत आजारी पडून अस्तापोवो स्टेशनात थांबला. ती खास गाडी करून धावली, तर आत सोडेनात. बिचारी खिडकीतून डोकावत राहिली. त्याची शुद्ध हरपल्यावर तिला आत घेतलं. मग ती गुडघे टेकून त्याच्या कानाशी बोलत बसली.