कुर्झवाइल के२००० : ध्वनिफाइलींची साठवण
१९९० च्या दशकातील या अमेरिकन सॅम्पलिंग सिंथेसायझरमध्ये आवाजाचे तीन थर असतात : मुद्रित ध्वनी म्हणजे सॅम्पल, ते पट्ट्यांवर वाटणारा कीमॅप आणि वादक निवडतो तो प्रोग्रॅम. प्रोग्रॅममध्ये मुद्रित ध्वनी नसतो, त्यासाठी फक्त कीमॅपचा क्रमांक असतो. वीज जाताच रॅममधील सॅम्पल पुसले जाते. बॅटरीवर जपलेला प्रोग्रॅम मात्र टिकतो. मग प्रोग्रॅमचे नाव दिसते, पण आवाज येत नाही. म्हणून प्रोग्रॅम डिस्कवर साठवताना त्याचे अवलंबित घटक, म्हणजे कीमॅप आणि सॅम्पल, हेही घ्यायचे का, असे यंत्र विचारते. १.४४ एमबीची फ्लॉपी लवकर भरत असली, तरी ‘हो’ म्हणणेच शहाणपणाचे. फाइल परत भरताना जुन्यावर लिहायचे की रिकाम्या क्रमांकांवर बसवायचे, हे वादक ठरवतो. क्रमांक बदलल्यास त्या फाइलीतील आपसांतले दुवे यंत्रच जुळवते.