कँटोनीजमधील आसन्नभविष्य

कँटोनीजमधील आसन्नभविष्य : एखादी क्रिया लवकरच घडणार आहे, हे सूचित करण्याची कँटोनीज बोलीतील रीत. हाँगकाँग, मकाव व चीनच्या ग्वांगदुंग प्रांतात बोलल्या जाणाऱ्या या भाषेत क्रियापद काळानुसार रूप बदलत नाही. ‘लवकरच’ हा अर्थ क्रियापदाआधीचा शब्द व वाक्यान्तीचा निपात मिळून देतात. (पुढील लिप्यंतरात आकडा सहांपैकी सूर दाखवतो; ‘च’ हा ‘चूल’मधला.)

रूपे : नित्याची रूपे दोन, ‘चौ६ लै४’ व ‘चौ६ फाय३’. ‘लै४’ म्हणजे येणे, ‘फाय३’ म्हणजे जलद. बहुतेक वाक्यांत एकाऐवजी दुसरे चालते. उदा., ‘चौ६ लै४ लोक६ यू५ ला३’ (आता पाऊस पडणार). वेळेच्या शब्दापूर्वीही ‘चौ६ लै४’ येते : ‘चौ६ लै४ लुक६ तिम२ ला३’ (सहा वाजत आले), मराठीनेही येथे ‘येणे’ हाच धातू योजला आहे. ‘लै४ कन्२’ नामापूर्वी आल्यास ‘येता’ (आठवडा, महिना) असा अर्थ होतो. ‘चिक१ हक१’ म्हणजे ताबडतोब.

वाक्यान्तीचा ‘ला३’ : या रचनेचे मर्म येथे आहे. हा निपात परिस्थिती पालटल्याचे सांगतो. फोनवर ‘तोउ३ मेइ६ आ३?’ (पोहोचलास का?) असे विचारल्यास वाटेतला माणूस ‘चौ६ तोउ३ ला३’ (पोहोचतोच आहे) म्हणतो. नुसते ‘लोक६ यू५ ला३’ म्हटले, तर पाऊस सुरू झाला. घडलेले व घडू घातलेले, दोन्हींचा शेवट एकच. फरक आधीचा शब्द करतो. तो निसटला, की ऐकणारा फसतो. म्हणून पाठ्यपुस्तकांनी ‘ला३’ला शेवटच्या धड्यांत ढकलणे अयोग्य आहे.

औपचारिक रूप : ‘चिक१ चॉन्ग१’, हाँगकाँगच्या एमटीआर (मेट्रो रेल्वे) फलाटांवरील घोषणांत ऐकू येते.



अभ्यास : सॅम्युएल चेउंग हुंग-निन यांचा हाँगकाँगच्या कँटोनीज व्याकरणावरील ग्रंथ (१९७२) आणि स्टीफन मॅथ्यूज व व्हर्जिनिया यिप यांचे इंग्रजी व्याकरण (१९९४; दुसरी आवृत्ती २०११) ही प्रमुख साधने होत. शिकणाऱ्याने भविष्यकाळाचा प्रत्यय शोधत न बसता ‘चौ६ लै४’ आणि ‘ला३’ ही जोडी पहिल्यापासून एकत्रच आत्मसात करावी.