स्तवनिधीचा उन्हाळा

दक्षिण महाराष्ट्रातील आपला समाज प्रामुख्याने कृषीवल. चातुर्मासाचे माहात्म्य थोर खरे. परंतु त्या दिवसांत शेतकऱ्यास शेत सोडवत नसे. रब्बीची रास घरी आलेली, खरिपाची पेरणी दूर, बैलगाड्या मोकळ्या, असा काळ उन्हाळ्याचाच. जत्रा, लग्ने, समाजाच्या बैठका सारे त्यातच उरके.

निपाणीनजीकच्या स्तवनिधी क्षेत्री एप्रिल १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा (आजची दक्षिण भारत जैन सभा) स्थापन झाली, तीही अशाच दिवसांत. शहरातील सभागृहात नव्हे, भगवान पार्श्वनाथांच्या सान्निध्यात. सभेच्या आरंभीच्या कार्यांत शिक्षणास अग्रस्थान होते. खेड्यातील मुलाने कोल्हापुरास शिकावयाचे, तर राहावे कोठे, जेवावे कोठे? आज हा प्रश्न किरकोळ वाटेल. त्या काळी त्यापायी शाळा सुटे. अण्णासाहेब लठ्ठे प्रभृतींच्या पुढाकाराने कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले.

कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील तेथेच राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर त्यांनी स्नान करण्यास नकार दिला, आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. गौरवाच्या पानांतही हे नमूद केलेच पाहिजे. पुढे १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले, आणि सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली.