उंटांची वाट आपल्या बंदराने बंद केली

वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला जाणारी गाडी आपल्या भाईंदरला थांबत नाही. फलाटावरच्या गर्दीला दोन पावलं मागे हटवते आणि बघता बघता वसईच्या खाडीपुलावर असते. गेल्या हिवाळ्यात त्या गाडीत मी खिडकीशी बसलो होतो. बायकोला हवेल्या बघायच्या होत्या, मुलाला उंट आणि रणगाडे, आणि मला चार दिवस फोन बंद ठेवायचा होता. शेवटचं काही जमलं नाही, पण ते सोडा.

मंडळी, जैसलमेरमध्ये काय बघायचं, कुठे जेवायचं याची यादी तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेली असेलच. ही पोस्ट त्यासाठी नाही. त्या शहराचं भरभराटीला येणं, ओस पडणं आणि पुन्हा उभं राहणं यात आपल्या मुंबईचा मोठा हात आहे. तिथे आपण फिरतो, फोटो काढतो, पण हे आपल्याला कोणी सांगत नाही. म्हणून लिहितोय.

सुरुवातीपासून बघू. भाटी राजपूत रावळ जैसलने ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधायला घेतला. त्याआधीची राजधानी लोद्रवा तिथून जवळच. आता विचार करा, वर्षाला जेमतेम वीस सेंटिमीटर पाऊस पडतो अशा जागी शहर वसवायचं कोणाला सुचेल? आपल्याकडे जुलैमधल्या एखाद्या बेफाम दिवसात तेवढा पडून जातो.

उत्तर आहे, वाट. गुजरात आणि दिल्लीकडून सिंध, मुलतान आणि पुढे काबूलकडे जाणारे उंटांचे तांडे इथून जात. वाळवंट कितीही मोठं असलं तरी तांडा मन मानेल तिथून जाऊ शकत नाही. जिथे पाणी तिथूनच वाट. त्यामुळे पाणी ज्याच्या ताब्यात, जकात त्याची. चौदाव्या शतकातलं गडीसर तलाव लोक आज बोटिंग करायला बघतात, पण शेकडो वर्षं या शहराची तिजोरी त्याच तलावावर चालली. १८०५ च्या सुमारास गुमानचंद पटवा यांनी पाच मुलांसाठी पाच हवेल्या बांधायला घेतल्या. दगडात अशी जाळी कोरली आहे की लाकडातही कोणी कोरणार नाही. हा सगळा पैसा वाळूतून उगवलेला नाही, तो वाटेवरून आलेला आहे.

इथे आपल्या मराठी माणसाला एक प्रश्न पडतोच, आपले लोक इथवर आले होते का? जयपूर, जोधपूर, उदयपूर, सगळ्यांनी मराठ्यांना खंडण्या मोजल्या. जैसलमेर मात्र सुटलं. इतक्या लांब, इतक्या कोरड्या मुलखात फौज नेणं परवडणारं नव्हतं. पण मराठी फौजांना जे जमलं नाही ते पुढे मुंबई बंदराने केलं. एकही घोडेस्वार न पाठवता.

कसं ते सांगतो. माळव्यात पिकणारी अफू चीनला जायची. ईस्ट इंडिया कंपनीला हा व्यापार स्वतःच्या मुठीत हवा होता, तर माळव्यातल्या व्यापाऱ्यांना कंपनीची पकड चुकवायची होती. म्हणून त्यांनी लांबचा वळसा शोधला. माळव्यातून पाली, पालीहून जैसलमेर, वाळवंट ओलांडून कराची आणि तिथून गलबतांनी पोर्तुगिजांच्या दमणला. नकाशा काढून बघा, केवढा हा फेरा! १८१८ मध्ये जैसलमेरने कंपनीशी तह केला, तरी ही वाट चालूच राहिली, कारण कराची कंपनीच्या हाती नव्हती. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला आणि ती बंद झाली. माल मुंबईकडे वळला.

त्या काळात अफू आणि कापसाच्या चिनी व्यापारातून मुंबईत कोण मोठे झाले, हे आपल्याला माहीत आहे, फक्त आपण तसं बघत नाही. सर जमशेटजी जीजीभॉय त्यातलेच. जे. जे. रुग्णालय त्यांच्या देणगीतून उभं राहिलं, आणि माहीमहून वांद्र्याला जाणारा कॉजवे त्यांच्या पत्नीच्या देणगीतून, १८४५ मध्ये. दानत मोठीच होती, त्याबद्दल दुमत नाही. पण वांद्र्याहून गाडीत बसून आपण ज्या शहराला निघतो, त्याच्या वाटेवरचा व्यापार आटत होता तेव्हाच आपल्याकडे हे पूल बांधले जात होते, एवढं लक्षात असू द्या.

पुढे आगबोटी आल्या, रेल्वे आली. जो माल उंटावरून महिनोन् महिने जायचा तो काही दिवसांत बंदरावर पोचायला लागला. जैसलमेरचे सावकार आणि व्यापारी एकेक करून बाहेर पडले. हवेल्यांना कुलपं लागली.

उरलंसुरलं १९४७ ने संपवलं. जोधपूरचे महाराज आणि जैसलमेरचे युवराज फाळणीच्या तोंडावर जिनांना भेटले होते, हे व्ही. पी. मेनन यांनी नोंदवलंय. शेवटी दोन्ही संस्थानं भारतात आली. पण सिंधकडची बाजार-बाजारची, लग्ना-मयताची ये-जा तुटली. जे शहर वाटेच्या मधोमध होतं, ते एका दिवसात वाटेच्या टोकाला जाऊन पडलं. सीमेवरचं शहर म्हणतो आपण त्याला. मुळात ते सीमेवरचं शहर नव्हतंच, सीमा त्याच्या अंगावर येऊन पडली.

मग ते पुन्हा उठलं कसं? आधी लष्करामुळे. १९६५ च्या युद्धानंतर रस्ते आणि रेल्वे इथवर आली. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवालाच्या चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या शंभर-सव्वाशे जवानांनी रात्रभर रणगाडे रोखून धरले आणि उजाडताच जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी ते फोडले. आपल्या पिढीला हे १९९७ च्या ‘बॉर्डर’ सिनेमामुळे माहीत आहे. १९७४ मध्ये याच जिल्ह्यातल्या पोखरणला पहिली अणुचाचणी झाली, आणि त्याच वर्षी सत्यजित राय यांचा ‘सोनार केल्ला’ पडद्यावर आला. किल्ला बघायला बंगाली पर्यटक येऊ लागले. त्यांच्यामागून गुजराती आले, परदेशी आले, आपण आलो.

म्हणजे आज जैसलमेर पुन्हा वाटेवरच्या लोकांवरच जगतंय. फरक इतकाच की आता वाटेवर आपण आहोत. म्हणून आपण कसे जातो याला महत्त्व आहे.

पहिली गोष्ट किल्ल्याची. हा नुसता पुतळ्यासारखा उभा किल्ला नाही, आत माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात. २०१३ पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण खालची टेकडी ठिसूळ. पूर्वी पाणी गडीसरवरून बायका डोक्यावर आणत, तेव्हा एकेक तांब्या मोजून वापरला जाई. मग नळ आले, घरांची हॉटेलं झाली, शॉवर आले, फ्लश आले. मुरलेलं पाणी टेकडीत उतरलं आणि १९९० च्या दशकात भिंती, बुरूज ढासळायला लागले. आठशे वर्षं वेढे सोसलेला किल्ला आंघोळीच्या पाण्याने खचतोय! आमच्या वाटाड्याचं घर किल्ल्यातच. खोल्या भाड्याने दिल्या तर भिंत जाते आणि नाही दिल्या तर पोरांची फी जाते, असं त्याचं म्हणणं पडलं. मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आम्ही मुक्काम खाली गावात केला, वर दिवसभर हिंडलो, वाटाड्या तिथलाच घेतला, जेवलो वर, खरेदी वर केली. टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीतल्या माणसाला एवढं तरी कळायला हवं.

दुसरी गोष्ट गाण्याची. समच्या वाळूत रात्री तंबूंच्या रांगा लागतात आणि प्रत्येक तंबूत डीजे. आमच्या इथे आधी मांगणियार कलाकार बसले होते. कमायचा आणि खडताल काय वाजत होते! तेवढ्यात मागून कोणीतरी ‘हम दिल दे चुके सनम’मधल्या लिंबाच्या गाण्याची फर्माईश केली. त्या गृहस्थांना ठाऊक नसावं की ते गाणं मुळात या लोकांचंच आहे, मुंबईने ते नंतर उचललं. मांगणियार मुसलमान आहेत. त्यांचे यजमान पिढीजात हिंदू राजपूत. यजमानाच्या घरी जन्म असो, लग्न असो, वंशावळीसकट गायचं काम यांचं. त्यांचे नातेवाईक सीमेपलीकडे थरपारकरमध्ये आहेत. बाडमेरकडून पलीकडे जाणारी थार एक्सप्रेस २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली होती, २०१९ मध्ये बंद पडली. मे २०२५ मध्ये जैसलमेरवर ड्रोन आले, शहरभर काळोख केला गेला. सीमेची किंमत आपण टीव्हीवर बघतो, ते अंधारात बसून मोजतात.

परत आल्यावर एका रविवारी मुलाला घेऊन उत्तन-चौकच्या धारावी किल्ल्यावर गेलो. वाटेत त्याने विचारलं, आपल्याकडे पण बॉर्डर होती का?

होती ना. १७३७ ते १७३९ ची वसईची मोहीम इथेच तर चालली. धारावीच्या टेकडीवरून वसईच्या खाडीत शिरणारं गलबत टप्प्यात येतं, म्हणून पोर्तुगीज आणि मराठे या टेकडीसाठी झुंजले, ती हातोहात फिरली. मार्च १७३९ मध्ये ती मराठ्यांकडे आली आणि मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. पलीकडे घोडबंदर. घोडे उतरवायचं बंदर, म्हणजे तीही व्यापाराचीच वाट. त्यांची उंटांची, आपली घोड्यांची. उत्तनचा कोळी आज चर्चमध्ये जातो आणि प्रार्थना मराठीत करतो. मांगणियारासारखाच तोही दोन्हीकडचा. सीमा येते आणि जाते, माणूस दोन्हीकडचं थोडं थोडं धरून राहतो.

जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत तिथे पावणेसात लाखांच्या आत माणसं होती, आपल्या ऐंशी चौरस किलोमीटरच्या आत आठ लाखांवर. एवढ्या माणसांपैकी धारावी किल्ल्यावर किती जण जाऊन आलेत? मी स्वतः चाळिशी ओलांडल्यावर दुसऱ्यांदा गेलो, तेही बातमीच्या निमित्ताशिवाय पहिल्यांदाच. त्यामुळे बोट कोणाकडे दाखवत नाही.

जैसलमेरला जरूर जा. मुक्काम किल्ल्याखाली करा, पाणी मोजून वापरा, डीजे बंद करायला सांगून कमायचा ऐका आणि त्या कलाकाराच्या हातात थेट पैसे द्या. आणि आल्यावर एक रविवार उत्तनला काढा. तिकीट नाही, रिझर्व्हेशन नाही.

तुमच्यापैकी कोण जाऊन आलंय धारावी किल्ल्यावर? खाली लिहा. पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी सकाळी सगळे मिळून जाऊ.