दिलेले गाणे, पुन्हा आपल्या गळ्यात

‘प्लॅस्टिक लव्ह’ ऐकून जपानी पॉपच्या नादी लागलेले श्रोते आता जगभर भेटतात. १९८४ चे ते गाणे मारिया ताकेउची यांचे. या विषयात नव्याने येणाऱ्याने त्यांच्याच ‘रिक्वेस्ट’ (१९८७) या अल्बमपासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. त्यातली बरीच गाणी त्यांनी आधी इतर गायिकांना लिहून दिली होती आणि मग स्वतः गायली. जपानमध्ये याला ‘सेल्फ कव्हर’ म्हणतात.

ही प्रथा तिथेच इतकी का फोफावली? जुन्या पद्धतीत रेकॉर्ड कंपन्यांनी गीतकार आणि संगीतकार करारावर बांधलेले असत. लिहिणारा वेगळा, चाल लावणारा वेगळा, गाणारा तिसराच. सत्तरच्या दशकात गिटार घेऊन आपली गाणी आपणच गाणारी पिढी पुढे आली. लवकरच कंपन्या आपल्या गायकांसाठी याच मंडळींकडे गाणी मागू लागल्या. ताकुरो योशिदा यांनी चाल दिलेले ‘एरिमो मिसाकी’ हे ‘एन्का’ या जुन्या ढंगाच्या भावुक गीतप्रकाराचे गायक शिनिची मोरी यांनी गायले आणि १९७४ चा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळवला. योशिदांनी ते त्याच वर्षी स्वतःच्या अल्बमवरही घेतले. मियुकी नाकाजिमा यांनी १९७९ मध्ये ‘ओकाएरिनासाई’ हा पुरा अल्बमच दुसऱ्यांना दिलेल्या गाण्यांचा काढला.

अशा ध्वनिमुद्रणाला ‘खरे’ रूप मानण्याचा मोह होतो. लिहिणाऱ्यानेच गायले, म्हणजे शेवटचा शब्द त्याचा! मला हे पटत नाही, आणि कारण ‘एकी’ या गाण्यात आहे.

एक स्त्री संध्याकाळच्या स्टेशनवर पूर्वीच्या प्रियकराला ओझरते पाहते, त्याच गाडीत शेजारच्या डब्यात चढते आणि त्याला हाक मात्र मारत नाही, एवढाच त्यातला प्रसंग. ताकेउचींनी हे गाणे अकिना नाकामोरी यांच्यासाठी लिहिले आणि ते १९८६ च्या अखेरीस ‘क्रिमसन’ या अल्बमवर आले. नाकामोरी ते जवळजवळ कुजबुजत गातात. शब्द श्वासात विरतात, आवाज वाद्यांच्या मागे राहतो. ताकेउचींचे पती आणि निर्माते तात्सुरो यामाशिता यांना ही मांडणी रुचली नाही आणि पुढे त्यांनी तसे लिहूनही ठेवले. ‘रिक्वेस्ट’मधले ‘एकी’ मग स्वच्छ उच्चारांचे, ताठ कण्याचे झाले. माझ्या कानांना मात्र नाकामोरींची नायिका अजून त्या डब्यातच उभी असल्यासारखी वाटते, आणि ताकेउचींची तोच प्रसंग काही वर्षांनी कुणाला तरी सांगत असल्यासारखी. यातली खरी कोणती, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो.

वयाचा फरकही ऐकण्यासारखा असतो. दोन मुलगे आपल्यावरून भांडताहेत अशी कल्पना असलेले ‘केन्का ओ यामेते’ नाओको कावाई यांनी १९८२ मध्ये एकोणिसाव्या वर्षी गायले, तेव्हा त्यात लाडिक कुरबुर होती. बत्तीस वर्षांच्या ताकेउचींच्या तोंडी तेच शब्द जरा मिस्कील होतात.

योसुई इनोउए यांचे उदाहरण मराठी वाचकाला पटकन उमगेल. ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांतून बोलणारा पुरुष की स्त्री हे आपल्याकडे कळते; जपानीत वाक्याच्या शेवटच्या लकबीतून तसा सुगावा लागतो. नाकामोरींसाठी १९८४ मध्ये त्यांनी लिहिलेले ‘काझारी जा नाई नो यो नामिदा वा’ अशाच बायकी लकबीत आहे. महिन्याहून थोड्या अधिक काळात आलेल्या ‘९.५ कॅरेट्स’वर इनोउएंनी ती लकब न बदलता गाणे गायले. त्या अल्बमवर त्यांनी इतरांना दिलेली आणखी गाणीही होती, आणि १९८५ मध्ये तो जपानचा सर्वाधिक खपाचा अल्बम ठरला. पुरुषाच्या आवाजात स्त्रीचे बोलणे तिथल्या श्रोत्यांना नवे नव्हते, एन्का गायक ते करतच आले होते. इनोउएंच्या गाण्यात मात्र हुंदका नाही. त्यांच्या थंड, किंचित टिंगलखोर सुरात ती मुलगी नाकामोरींपेक्षाही उद्धट वाटते.

रिंगो शीना यांनी २०१४ मध्ये ‘ग्याकुयुन्यू’, म्हणजे परदेशी धाडलेला माल पुन्हा आयात करणे, असेच नाव अल्बमला देऊन या प्रकाराची थट्टाही करून घेतली.

नव्या अभ्यासकाने जपानी येत नाही म्हणून बिचकू नये. आधी पहिल्या गायकाची आवृत्ती ऐकावी, मग लेखकाची; उलट क्रमाने ऐकले की पहिला गायक उगीचच नकलाकार वाटू लागतो. पट्टी कुठे बदलली, कुठला शब्द लांबवला आणि वाद्यमेळ कोणी बांधला, एवढे टिपले तरी कामाला लागता येते.