‘अंहस्’ आणि भांग : एका अनुवादाचा इतिहास

भांगेच्या झाडातील एखादे द्रव्य मनावरील ताण हलका करू शकते काय, या प्रश्नाचे प्रायोगिक संशोधन गेल्या चार दशकांत बरेच पुढे गेले आहे. त्याविषयीच्या लेखनाच्या प्रास्ताविकात एक विधान वारंवार भेटते. भांग माणसाला चिंतेपासून मुक्त करते असे अथर्ववेदातच सांगितले आहे, असे ते विधान होय. ते एका लेखातून दुसऱ्या लेखात जसेच्या तसे उतरत जाते. मूळ ऋचा उघडून पाहिल्याची खूण मात्र क्वचितच दिसते. ज्या शब्दावर या विधानाचा सारा भार आहे, त्या शब्दाचा येथे विचार करावयाचा आहे.

ही ऋचा शौनक शाखेच्या अथर्ववेदात अकराव्या कांडातील सहाव्या सूक्तात पंधरावी आहे. तीत सोम ज्यांत श्रेष्ठ आहे अशा वनस्पतींच्या पाच राज्यांना आवाहन असून दर्भ, भंग व यव यांची नावे येतात. ‘सह’ हे पाचव्या वनस्पतीचे नाव मानावयाचे की यवाचे विशेषण, याविषयी भाषांतरकारांत एकवाक्यता नाही. या सर्वांनी आम्हांला ‘अंहसा’पासून सोडवावे, अशी प्रार्थना आहे.

‘अंहस्’ या शब्दाचे कूळ मोठे आहे. त्याच्या मुळाशी अरुंदपणाची, आवळले जाण्याची कल्पना आहे. वेदातील ‘अंहु’, लॅटिनमधील ‘अंगुस्तुस’ म्हणजे अरुंद, जर्मनमधील ‘एंग’ म्हणजे अरुंद आणि ‘आंग्स्ट’ म्हणजे भीती, इंग्रजीतील ‘अँग्झायटी’ ही सर्व एकाच घराण्यातील मंडळी आहेत. वैदिक ऋषीला ‘अंहस्’ नको असते आणि त्याच्या उलट ‘उरु’, म्हणजे ऐसपैस मोकळी जागा, हवी असते. ही जाण मराठीलाही परकी नाही. ‘संकट’ या संस्कृत शब्दाचा एक जुना अर्थ अरुंद असाच आहे. त्यापासूनच ‘सांकडे’ आले, आणि देवाला साकडे घालणारा माणूस नकळत आपल्या अडचणीच्या, चिंचोळ्या जागेचीच गाऱ्हाणी सांगत असतो. ‘कोंडमारा’ या शब्दाचीही तीच गत.

परंतु कूळ एक असणे निराळे आणि अर्थ एक असणे निराळे. ‘अंहस्’ म्हणजे संकट, पीडा, अनिष्ट. त्यात पापाचीही छटा आहे. आजच्या मानसशास्त्रातील चिंता ही त्या विस्तृत अर्थक्षेत्राचा एक कोपरा व्यापील, इतकेच. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १८९७ च्या आपल्या भाषांतरात येथे ‘आपत्ती’ या अर्थाचा इंग्रजी शब्द योजला आहे, तर १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिटनी यांच्या भाषांतरात ‘क्लेश’ या अर्थाचा. ‘चिंता’ हा अर्थ जॉर्ज ग्रियर्सन यांचा. हिंदुस्थान सरकारने १८९३-९४ मध्ये भांग, गांजा व चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा संस्कृत व हिंदी वाङ्मयातील भांगेच्या उल्लेखांचे टिपण ग्रियर्सन यांनी तयार केले. भाषांच्या पाहणीचे त्यांचे प्रचंड काम अजून पुढे होते. त्यांच्या टिपणातील हा एक शब्द पुढे शंभर वर्षे पुरला. विशेष हे की, येथे या वनस्पती हवनात अर्पण करण्याचा संदर्भ आहे, असे खुद्द ग्रियर्सन यांनीच तेथे नोंदविले होते. शब्द राहिला आणि शेरा गळाला.

सूक्त पूर्ण वाचले म्हणजे शंका उरत नाही. त्यात तेवीस ऋचा आहेत, आणि बहुतेक ऋचांच्या शेवटी हीच विनवणी पालुपदासारखी येते. अग्नी, इंद्र, वरुण, गंधर्व व अप्सरा, दिवस आणि रात्र, सूर्य-चंद्र, पर्जन्य, पशुपक्षी, पर्वत, ऋतू या सर्वांकडे तेच मागितले आहे. भांगेला तेथे औषध मानावयाचे तर दर्भालाही मानावे लागेल, आणि जवाच्या सत्त्वावर प्रयोग करावे असे अद्याप कोणी सुचविलेले नाही.

पुढील काळातील साक्ष याला पोषकच आहे. पाणिनी शेतांच्या नावांसाठी प्रत्यय सांगताना भंगेचा निर्देश तीळ, उडीद व जवस यांच्या पंक्तीत करतो. म्हणजे त्याच्यापुढे शेतात पेरले जाणारे पीक आहे. बौद्ध विनयात भिक्षूंना विहित असलेल्या सहा प्रकारच्या वस्त्रांत भंगाचे वस्त्र आहे. अंगात त्वरेने पसरणाऱ्या, ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून भांग शार्ङ्गधरसंहितेत येते, पण हा ग्रंथ अथर्ववेदानंतर दोन हजारांहून अधिक वर्षांनी झाला.

प्रयोगशाळेतील इतिहासाला या ऋचेची गरजही नाही. कॅनाबिडायॉल हे द्रव्य रॉजर अॅडम्स यांनी अमेरिकेत १९४० मध्ये वेगळे केले. राफाएल मेशूलाम व त्यांच्या सहकाऱ्यांनी इस्राएलमध्ये १९६३ साली त्याची रचना निश्चित केली आणि १९६४ साली नशा आणणारे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल शुद्ध स्वरूपात मिळविले. १९९२ मध्ये त्यांच्याच गटाला डुकराच्या मेंदूत एक द्रव्य सापडले. ते या नशेच्या द्रव्याच्याच ग्राहकांना चिकटते. त्याचे ‘आनंदमाइड’ हे नाव संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून मुद्दाम पाडलेले आहे. हा आधुनिक नामकरणाचा प्रसंग आहे. प्राचीन ज्ञानाचा पुरावा म्हणून तो कोणी पुढे करू नये.

एका झाडाची ही दोन द्रव्ये ताणाच्या बाबतीत सारखी वागत नाहीत. शिकागो येथे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बेचाळीस निरोगी व्यक्तींना परीक्षकांपुढे बोलावयास व तोंडी गणित करावयास लावले. टेट्राहायड्रोकॅनाबिनॉलच्या ७.५ मिलिग्रॅम मात्रेने त्यांचा ताण काहीसा उतरला, १२.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांची मनःस्थिती उलट अधिक बिघडली. कॅनाबिडायॉलविषयीचे काम मुख्यतः ब्राझीलमध्ये झाले. २०११ च्या प्रयोगात समाजभयाने पीडित अशा चोवीस व्यक्तींपैकी निम्म्यांना भाषणापूर्वी ६०० मिलिग्रॅम दिले, आणि त्यांची चिंता निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपेक्षा कमी राहिली. परंतु २०१९ च्या प्रयोगात सत्तावन्न निरोगी पुरुषांवर १५०, ३०० व ६०० या मात्रा तपासल्या, तेव्हा गुण फक्त मधल्या मात्रेने आला.

एकाच भाषणापुरता उतरलेला ताण आणि रोजच्या कामाचा ताण यांत अंतर आहे. ते ओलांडण्याचा प्रयत्न कोविडच्या साथीत झाला. ब्राझीलमधील रिबेराव प्रेतो येथे एकशेवीस आरोग्यसेवकांपैकी एका गटाला नेहमीच्या उपचारांबरोबर रोज ३०० मिलिग्रॅम कॅनाबिडायॉल अठ्ठावीस दिवस दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या गटाची भावनिक थकावट दुसऱ्या गटाहून कमी आढळली. तथापि, दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी नव्हती आणि आपण काय घेत आहोत हे सर्वांना ठाऊक होते. औषध घेणाऱ्यांपैकी पाच जणांना गंभीर उपद्रव झाला, त्यांपैकी चौघांच्या यकृताच्या तपासणीत दोष दिसला. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत हाच प्रयोग करून पाहिल्याखेरीज थकावट कशाने उतरली, औषधाने की औषध मिळत असल्याच्या विश्वासाने, हे सांगता येणार नाही.