बिर्ला हाउस : एका घराचा सौदा

आपल्याकडे जुने घर विकत घेताना सात-बारा आणि खरेदीखत पाहण्याआधी एक चौकशी हलक्या आवाजात होते. "त्या घरात कुणाचा अपमृत्यू तर झालेला नाही ना?" झाला असेल तर भाव पडतो. घेणारा उदकशांत करून घेतो, नाहीतर सौदाच सोडून देतो. फौजेत आम्हाला ही निवड नसते. अलॉटमेंटच्या कागदावर जो क्वार्टर लिहिला असेल तो आपला. पण दिल्लीत असे एक घर आहे जिथे हा व्यवहार उलटा झाला. मृत्यूने त्याचे मोल एवढे वाढले की ते कुणा एकाच्या मालकीचे राहूच शकले नाही.

तेव्हाच्या अल्बुकर्क रोडवर घनश्यामदास बिर्लांनी १९२८ मध्ये हा बंगला बांधला. दिल्लीत आल्यावर सफाई कामगारांच्या वाल्मीकी वस्तीत राहणे गांधीजींना आवडे. पण सप्टेंबर १९४७ मध्ये ते कलकत्त्याहून आले, तेव्हा ती वस्ती निर्वासितांनी भरून गेली होती. म्हणून त्यांची व्यवस्था बिर्ला हाउसमध्ये झाली. ९ सप्टेंबरपासून अखेरपर्यंत, म्हणजे १४४ दिवस, ते इथेच होते. १३ ते १८ जानेवारी १९४८ हे शेवटचे उपोषणही त्यांनी याच घरात केले.

सैनिकाच्या नजरेने पाहिले तर ही जागा राखायला अवघड. रोज संध्याकाळी बागेत प्रार्थना, आणि फाटक सर्वांना उघडे. २० जानेवारीला मदनलाल पाहवाने बागेच्या भिंतीजवळ स्फोट घडवला. प्रार्थनेच्या चौथऱ्यामागे नोकरांच्या खोल्या होत्या आणि तिथल्या एका जाळीतून गोळ्या झाडायचा कटवाल्यांचा बेत होता. तो फसला. मदनलाल जागेवरच पकडला गेला, बाकीचे निसटले. त्यानंतर पहारा वाढला. येणाऱ्यांची झडती घ्यावी असे सरदार पटेलांचे मत होते, पण प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती गांधीजींना मान्य नव्हती. ज्याचे रक्षण करायचे तोच नको म्हणतो, तेव्हा पहारेकऱ्याचे हात बांधले जातात. हा प्रश्न आजही कुठल्याच सुरक्षा दलाला सुटलेला नाही. दहा दिवसांनी, ३० तारखेला, पटेलांशी बोलणे लांबले म्हणून गांधीजींना प्रार्थनेला उशीर झाला. आभा आणि मनू यांच्या खांद्यांवर हात ठेवून ते झपझप निघाले. गर्दीतून नथुराम गोडसे पुढे आला आणि त्याने तीन गोळ्या झाडल्या.

दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा याच घरातून निघाली. तिची व्यवस्था सैन्याकडे होती. सरसेनापती तेव्हा जनरल रॉय बुचर होते. पार्थिव लष्कराच्या शस्त्रवाहू गाडीवर ठेवले होते. गाडीचे इंजिन बंद होते आणि तिन्ही दलांचे जवान दोर धरून ती ओढत होते. अहिंसेच्या उपासकाला शस्त्रांच्या गाडीवर नेले, यावर टीका झाली. मला ते जवान आठवतात. एवढ्या गर्दीतून राजघाटापर्यंत पावलाला पाऊल मिळवत गाडी ओढणे हे ड्रिल कुठल्या पुस्तकात नसते.

घर मात्र बिर्लांचेच राहिले. देशाच्या दृष्टीने ते तीर्थ झाले आणि कागदोपत्री एका कुटुंबाचा बंगला. हा पेच २३ वर्षे चालला. अखेर १९७१ मध्ये सरकारने ते बिर्ला कुटुंबाकडून घेतले आणि १५ ऑगस्ट १९७३ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. रस्त्याचे नाव आता तीस जनवरी मार्ग आहे. तिथून जवळच असलेल्या सफदरजंग रोडवर इंदिरा गांधी पडल्या. ते घर सरकारीच होते, त्यामुळे तिथे खरेदीचा प्रश्न आला नाही.

मराठी माणसाला ही गोष्ट इथे थांबवता येत नाही. मारेकरी पुण्याचा, म्हणून पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा कटाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचीही. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' कादंबरी त्याच दिवसांची आहे. अनेक कुटुंबांनी गाव सोडले ते कायमचे. दिल्लीतले एक घर राष्ट्राने विकत घेतले. इकडच्या जळक्या वाड्यांना ना गिऱ्हाईक मिळाले, ना पाटी.

उदकशांत करतात ती घडलेले शांत व्हावे म्हणून. बिर्ला हाउसमध्ये याच्या नेमके उलट केले आहे. खोलीपासून बागेपर्यंत गांधीजींच्या शेवटच्या चालण्याची पावले दगडात उठवली आहेत आणि ती जिथे संपतात तिथे स्तंभ उभा आहे. सरकारने विटा-चुना घेतला नाही, न विसरण्याची जबाबदारी घेतली. ती आपल्याकडेही येते, आणि आपल्या वाट्याची पावले दिल्लीत संपत नाहीत, पार कृष्णाकाठापर्यंत येतात.

दिल्लीला गेलात तर जरूर जा. प्रवेशाला पैसे नाहीत. सोमवारी बंद असते.